मागे उरलेली खोली

काशीत मणिकर्णिका घाटावर देहाचं काय करायचं, हे फार पूर्वीच ठरून गेलंय. तिरडी चौकाकडून कोणत्या गल्लीनं उतरवायची, गंगेत बुचकळून पायरीवर कुठे निथळत ठेवायची, लाकूड कुणी तोलून द्यायचं, कवटी कुणी फोडायची, शेवटी खांद्यावरून पाण्याचं मडकं मागे टाकून वळून न बघता कुणी निघायचं, प्रत्येक गोष्टीला माणूस नेमलेला आहे. काडेपेटी तिथे चालत नाही. डोम कुटुंबांनी सांभाळलेल्या धुनीतूनच विस्तव घ्यावा लागतो आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो. या कुटुंबांमध्ये घाटाच्या पाळ्या वाटलेल्या आहेत आणि त्या वारसाहक्कानं चालतात. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड आणि साधारण तीन तास लागतात. पूर्ण न जळलेलं हाड, पुरुषाच्या छातीचं आणि बाईच्या कमरेचं, नदीत सोडतात. राख थंड झाली की पाण्यात लोटतात आणि मग कंबरभर पाण्यात उभी असलेली माणसं घमेल्यांतून ती राख धुतात. सोन्याचा एखादा मणी, नथीचा तुकडा, दातातलं सोनं हाती लागतं का, ते शोधतात. त्या राखेवर कुणाचा हक्क, हेही ठरलेलं आहे.

ज्या खोलीत माणूस गेला, त्या खोलीसाठी मात्र कुणीच नेमलेलं नाही.

माझं काम त्या खोलीचं आहे. मी नागपूरची. नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं संसर्ग नियंत्रणाच्या कामात गेली. रक्त सांडलं तर आधी काय करायचं, कुठला कचरा पिवळ्या पिशवीत, कुठला लाल पिशवीत, सुई टोचली तर किती तासांत कुठे धावायचं, हे वॉर्डातल्या मामा-मावश्यांना शिकवायचं. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कोरोना आला. घर सॅनिटाइझ करून द्याल का, असे फोन यायला लागले. बहुतेकांना फवारणीपेक्षा खिडक्या उघडण्याची गरज जास्त होती आणि तसं मी सांगायची. त्यातच एक फोन वेगळा आला. फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या एक बाई गेल्या होत्या, शेजाऱ्यांना ते वासावरून कळलं होतं. मुलगा परदेशात. मृतदेह हलवून झाला होता, पण घर साफ करायला कुणी तयार नव्हतं. शवागारात नोकरी केलेले आमचे एक मामा आणि मी, आम्ही दोघं गेलो. मग ते कामच होऊन बसलं. कधी एकट्यानं झालेला मृत्यू, कधी आत्महत्या, कधी कारखान्यात यंत्रात सापडलेल्या कामगाराची जागा.

अमेरिकेत १९९१ साली रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगाराला वाचवण्याचा सरकारी नियम झाला आणि तिथे अशा जागा साफ करण्याचा रीतसर व्यवसाय उभा राहिला. जपानमध्ये त्याची फार गरज पडते. २०२४ या एका वर्षात एकटी राहणारी सुमारे ७६ हजार माणसं तिथे आपापल्या घरात मृत सापडली, अशी तिथल्या पोलिसांची नोंद आहे. त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची. आपल्याकडे मोठ्या शहरांत अलीकडे काही खासगी लोक हे काम घेतात. बाकी सगळीकडे रीत एकच. पोलीस पंचनामा करतात, मृतदेह शवविच्छेदनाला जातो, पोलिसांचं काम तिथे संपतं. मग घरचे वॉचमनला विचारतात, वॉचमन वस्तीतल्या कुणाला तरी बोलावतो. त्याच्या हातात खराटा, फिनाइलची बाटली आणि काही नोटा. आधी दारू पाजायची, म्हणजे वास सोसवतो. हातमोजे नाहीत. वाळलेल्या रक्तात कावीळ ब चा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहतो, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

असंच एक काम काशीत निघालं, सप्टेंबर २०२२ मध्ये. त्या ऑगस्टच्या अखेरीला गंगा धोक्याच्या खुणेवर गेली होती. राजघाटाला ती खूण ७१.२६२ मीटरवर आहे. इतकं पाणी चढलं की मणिकर्णिकेच्या पायऱ्या दिसत नाहीत, दहन वरच्या गच्चीवर होतं, आणि तिथे जागा पुरत नाही म्हणून तिरड्यांची रांग मागे गल्लीत लागते.

त्या गल्ल्यांपैकी एकीत, जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, विदर्भातले एक निवृत्त शिक्षक भाड्यानं राहत होते. पत्नी गेल्यावर काशीवासाला आले होते. मराठी माणसाला त्या भागात परकं वाटत नाही. झाशीच्या राणीचं पाळण्यातलं नाव मणिकर्णिकाच. घाटाचं बांधकाम अहिल्याबाई होळकरांनी करवलं, शेजारी शिंद्यांचा घाट, आणखी थोडं पुढे आमच्या नागपूरकर भोसल्यांचा. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं. शेवटचे दिवस काशीत काढावेत म्हणून येणारी मराठी माणसं, विशेषतः विधवा बायका, इथे शेकडो वर्षं येत राहिली. गुरुजी त्या परंपरेतले. पुराच्या गडबडीत खालच्या मजल्यावरची मंडळी नातेवाइकांकडे गेली होती, वर कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी उतरल्यावर लोक परतले, तेव्हा गुरुजी गेल्याचं कळलं.

पुतणी नागपुरात असते. तिचा नवरा जाऊन सगळं करून आला. पोलीस, शवविच्छेदन, मणिकर्णिकेवर दहन. ती मला म्हणाली, ‘‘सिस्टर, काकांना मणिकर्णिका मिळाली, तेवढं एक समाधान. पण ती खोली तशीच आहे. ह्यांना तिथे पाय ठेववला नाही. घरमालकीण रोज फोन करते. काशीत मराठी बोलणारं कुणी हे काम करेल का, ते शोधत होते, तर तुमचं नाव कळलं.’’ मामा आणि मी इटारसी-जबलपूरमार्गे मुगलसरायला उतरलो. स्टेशनाचं नाव आता दीनदयाळ उपाध्याय आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी मुगलसरायच. जंतुनाशक रसायनं रेल्वेतून नेता येत नाहीत, ती मैदागिनजवळच्या सप्तसागर औषध बाजारात घेतली. गाडी मैदागिनलाच थांबते, पुढे पायी.

खोलीत गेल्यावर आधी काही करायचं नसतं. दारात उभं राहून बघायचं. डाग कुठून कुठे गेलाय, जमिनीला उतार कुठे आहे, माशा कुठे बसतात, पाण्याचा नळ कुठे, वीज चालू आहे का. दिसणारा डाग आणि खरा डाग यांत नेहमी फरक असतो. गादीवर हातभर दिसलं तर गादीखाली दोन हात असतं आणि फरशीच्या सांध्यात त्याहून जास्त. गुरुजींच्या खोलीत फरशी चुनारच्या वालुकाश्माची होती. काशीतलं जुनं बांधकाम बरंचसं याच दगडाचं. देखणा दगड, पण तो पाणी पितो, आणि पाणी पितो तसं बाकी सगळंही पितो.

त्यात घरमालकिणीनं आपल्या परीनं उपाय केलेले होते. फिनाइल ओतलं होतं, धूप जाळला होता, कापूर जाळला होता आणि न्हाणीघरासाठी आणतात ते ॲसिड बाटलीभर ओतलं होतं. बाईला दोष नाही, घाबरलेला माणूस हाताला लागेल ते ओततो. पण ॲसिडवर ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइट पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. म्हणून पहिलं काम साध्या पाण्यानं ते ॲसिड धुऊन काढण्याचं, खिडक्या उघड्या ठेवून. खिडकी घाटाकडे होती. बाहेरून लाकडाचा धूर येत होता आणि आतल्या वासापुढे तो धूर स्वच्छ वाटत होता.

वासाबद्दल लोकांच्या फार समजुती आहेत. नाकाखाली बाम लावायचा, ही एक. बामानं नाक मोकळं होतं आणि वास आणखी आत जातो. एन-९५ मास्क कण अडवतो, वास अडवत नाही. त्याला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. आणि मुख्य म्हणजे वास हा रोग नव्हे. मृतदेहाच्या दुर्गंधीनं साथ पसरते, ही भीती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अनेक वर्षं हेच सांगते आहे की आपत्तीत मेलेल्यांच्या देहांमुळे साधारणपणे साथी येत नाहीत. धोका असतो तो देह हाताळणाऱ्याला. रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही, माणसाला क्षय असेल तर क्षय, जुलाबाचा रोग असेल तर त्याचे जंतू. म्हणजे भीती जिथे ठेवायला हवी तिथे लोक ठेवत नाहीत, आणि नको तिथे ठेवतात. गंगेचंही तसंच. काठावरच्या चिता डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचा दोष मोठा वाटतो. पण नदी घाण होते ती मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यानं. संकटमोचनचे महंत आणि जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र तुळशीघाटावरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून वर्षानुवर्षं तेच सांगत राहिले.

प्रत्यक्ष कामाचा क्रम कंटाळवाणा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पलंगाखालच्या माशांच्या अळ्या आणि कोश आधी गोळा करायचे. मग ओलं, घट्ट, सुटं जे काही आहे ते जुन्या कापडानं, कागदानं टिपून उचलायचं. त्यानंतर साबणपाणी, तेही गार. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं शिजतात आणि डाग बसतो. जागा दिसायला स्वच्छ झाल्यावरच हायपोक्लोराइट, एक टक्क्याचं, त्याच दिवशी बनवलेलं. घाणीवरच ते ओतलं तर त्यातला क्लोरीन घाणीशी झटापट करण्यात खर्च होतो आणि जंतू सुखरूप राहतात. ओतून लगेच पुसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे. हायपोक्लोराइट मिळत नसेल तर लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम चांगलं, ताजं ब्लीचिंग पावडर. उघड्या पोत्यातलं, वास उडून गेलेलं पावडर म्हणजे नुसता चुना.

एवढं करूनही खोली वास सोडेना, तेव्हा फरशीचे सांधे खरवडले. जुन्या चुना-सुरखीचा सांधा बोटभर खोल काळा झालेला होता. पलंगाखालच्या फरश्या उचलाव्या लागल्या, भिंतीचा गिलावा गुडघाभर काढावा लागला. त्यासाठी गवंडी मिळेना. मिळाले ते दोन भाऊ, विशी-बाविशीचे. घाटावर लाकूड वाहायचे, चिता विझल्यावर जागा धुवायचे, पाळी नसेल तेव्हा गल्लीत पडेल ते काम करायचे. पूर उतरल्यावर घाटांवर जो गाळ साचतो तो पंपाच्या पाण्यानं परत नदीत लोटायचं कामही त्यांनी केलेलं होतं. तो गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की दगडासारखा होतो, हे मला थोरल्यानंच सांगितलं. कामाची समज होती त्याला. आम्ही आत शिरण्याआधी त्यानं विचारलं, पाणी कुठून बाहेर जाणार? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आले आहे, आणि त्याला तो आपण होऊन पडला.

दोघंही अनवाणी होते. मामांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. मैदागिनला पाठवून गमबूट आणवले, जाड हातमोजे घातले, ते कसे काढायचे ते दाखवलं. बाहेरची बाजू त्वचेला न लावता मोजा उलटा करत काढायचा. धाकटा हसत होता. घाटावर आम्ही रोज हेच करतो, आम्हाला काही होत नाही, म्हणाला. मामा त्याला म्हणाले, ‘‘होतं. कळत नाही.’’ मग त्यांनी आपल्या नागपुरी हिंदीत शवागारातल्या त्यांच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. कावीळ झाली, यकृत गेलं, पन्नाशीच्या आत माणूस गेला, आणि कामामुळे गेला असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मामांबद्दल इथे सांगायला हवं. ते दीक्षाभूमीच्या शहरातले, बौद्ध. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं बाबासाहेबांचं ऐकून मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं त्यासाठी छळलं, तरी सोडलं. असं असून मामा शवागारात कामाला लागले. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, आजोबानं सोडलं ते जातीचं काम. मी धरली ती नोकरी. अर्ज केला, मुलाखत दिली, पगार घेतला, रजा घेतली, पेन्शन घेतो. ह्यात अन्‌ त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझा बाप करत होता म्हणून तू कर, असं जो म्हणेल, त्याच्यासाठी मी एक काडी उचलणार नाही.’’ या कामाविषयी मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं मामांच्या या बोलण्यात आहे. मृत्यूनंतरची जागा साफ करणं हे हलकं काम नाही. शिकावं लागतं, हात स्थिर लागतो, मन स्थिर लागतं. ते कुणीतरी करायलाच हवं. पण ते कुणी करायचं हे जन्मावरून ठरणार असेल, तर शिकवण्याची, जपण्याची, पैसे देण्याची गरज उरत नाही. तो माणूस आहेच, म्हणून मोजे विकत घ्यायचे राहून जातात.

मणिकर्णिकेवर हे फार उघडं दिसतं. काशीचे डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते योग्यच झालं, पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हातचा अग्नी घेतला आणि ज्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्या समाजाचं नाव राष्ट्रपती भवनात घेतलं गेलं. पण रात्री दोन वाजता निखाऱ्यांत काठी घालणारा मुलगा अजून अनवाणीच आहे. त्याच्या छातीत धूर जातो, पोटऱ्या भाजतात. विस्तवाचा मान आहे, विस्तव सांभाळणाऱ्या शरीराची काळजी मात्र नाही.

गुरुजींचं सामान वेगळं काढताना आमचे दोघांचेही हात हळू चालत होते. चष्मा, ट्रान्झिस्टर, बँकेचं पासबुक, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहिलेले वार. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पिशवी होती. तीत कोरं पांढरं कापड, गंगाजलाची बंद लोटी, तुळशीची वाळलेली काडी आणि एक लिफाफा. लिफाफ्यावर मास्तरी अक्षरात ‘लाकडासाठी’ आणि आत पैसे. आपल्या मागे कुणाला तोशीस पडू नये याची त्यांनी इतकी काळजी घेतली होती. देहाच्या पुढच्या वाटेची सगळी तयारी होती. खोलीचं काय होईल, हे त्यांच्या मनात आलं नसणार. कुणाच्याच येत नाही. मी पुतणीला फोन करून पिशवीचं सांगितलं, ती बराच वेळ रडली. काही वस्तू धुऊन, निर्जंतुक करून देता आल्या. काही नोटांना डाग लागले होते, त्या धुवायच्या नसतात. बंद पिशवीत घालून, वर लिहून, बँकेत बदलून घ्यायला सांगितल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खराब नोटा बदलून मिळतात.

खरा पेच पडला तो गादीचा. गल्लीत ज्याला विचारावं तो एकच सांगे, ‘‘गंगाजी में छोड़ दीजिए.’’ दुसरा सल्ला, घाटावर नेऊन एखाद्या विझत्या चितेवर टाका. मेलेल्या माणसाची अंथरुणं, चादरी, रजया अशा घाटावर रोज येतात. पण ती गादी कापसाची नव्हती, फोमची होती. तो फोम जाळला तर जो धूर निघतो तो चितेशेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या, म्हणजे त्या दोन भावांसारख्यांच्या, छातीत जाणार. नदीचा तर विचारही माझ्यानं होईना. या नदीवर माणसानं असं ओझं आधीच टाकून पाहिलंय. १९८६ साली गंगा कृती योजना आली तेव्हा अर्धवट जळलेले देह खाऊन पाणी साफ व्हावं म्हणून मांस खाणारी कासवं वाढवून हजारोंनी वाराणसीजवळ सोडण्यात आली. त्यांच्यासाठी रामनगर ते मालवीय पूल या पट्ट्यात अभयारण्य केलं. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द झालं. माणसाचं काम कासवांकडे देण्याची ती कल्पना ऐकून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. आपल्या मृत्यूनंतरचं आवरण्यासाठी आपण आधी जात शोधली आणि नंतर जनावर शोधलं.

गादीचा नियमांतला प्रश्नही सोपा नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा यांच्यासाठी आहेत. तिथला रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातो, त्याची नोंद होते. तेच रक्त घरातल्या गादीवर असलं तर घेणारा कुणी नाही. कचरागाडी ते इतर कचऱ्यात टाकणार आणि पुढे कुणीतरी कचरावेचक बाई ते हातानं उपसणार. शेवटी शहरातल्या एका खासगी रुग्णालयाशी बोलले, संसर्ग नियंत्रणातली एक सिस्टर भेटली, मला काय म्हणायचंय ते तिला एका वाक्यात कळलं, आणि त्यांनी आमच्या पिशव्या आपल्या कचऱ्याबरोबर घ्यायचं कबूल केलं. गादी क्लोरीननं भिजवून, मोठ्या कात्रीनं लहान तुकडे करून, दुहेरी पिशव्यांत बांधली. पिशवीची बाहेरची बाजू पुसून घ्यायची आणि वाहणाऱ्यानं नवे मोजे घालायचे, हा साधा नियम फार मोठमोठ्या ठिकाणीही पाळला जात नाही.

त्या पिशव्या डोक्यावर घेऊन गल्ली चढणं, हा त्या कामातला सगळ्यात अवघड भाग. समोरून ‘राम नाम सत्य है’ म्हणत तिरड्या उतरत होत्या. तिरडीला सगळे वाट देतात, बैलसुद्धा कडेला होतो. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहायचो, एक तिरडी गेली की चार पावलं वर, मग पुढची. माझ्या मनात येत होतं की गुरुजी याच वाटेनं खाली गेले आणि त्यांचं उरलेलं आम्ही वर नेतोय. दोन्हीही त्यांच्यासाठीच चाललंय. आमच्याकडे बघून लोक नाक दाबत होते, त्याचं मला वाईट वाटलं नाही, मामांना वाटलं.

खोली झाली. नवा गिलावा, चुन्याचे दोन हात, नव्या फरश्या. चुन्याचा हात देणं ही आपल्याकडची जुनी रीत. माणूस गेला की घर सारवायचं, भिंती पांढऱ्या करायच्या, अंथरूण बाहेर काढायचं. यातलं बरंचसं शहाणपणाचं आहे, ताजा चुना जंतूंना मारतो. पण त्या अंथरुणाचं पुढे काय व्हायचं? गावात ते कुणाला द्यायचं, हे ठरलेलं असायचं, आणि ज्याला मिळायचं तो ते पांघरून झोपायचा. ती रीत मला कधीच पटलेली नाही.

घरमालकिणीला आमचं काम पुरेसं वाटेना. पंडितजी येऊन गंगाजल शिंपडतील, हवन करतील, मग खोली शुद्ध होईल, असं ती म्हणाली. माझं तिच्याशी काही भांडण नव्हतं. खोलीत पुन्हा पाय ठेवायला तिला जे बळ लागणार होतं ते हायपोक्लोराइटनं मिळणारं नव्हतं. फक्त गिलावा पूर्ण वाळू द्या, हवनाला खिडक्या उघड्या ठेवा, आणि पुढच्या भाडेकरूपासून काही लपवू नका, एवढं सांगितलं. शेवटचं तिला आवडलं नाही. ‘‘काशी में कौन घर है दीदी, जिसमें कोई मरा न हो,’’ म्हणाली. ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच लपवायचं कारण नव्हतं.

निघायच्या दिवशी थोरला भाऊ ओट्यावर येऊन बसला. अशा कामाला याआधीही त्याला दोन-तीन घरांनी बोलावलं होतं. पाचशे रुपये देतात, म्हणाला. पुढच्या वेळी किती मागू? मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर हिशेब मांडला. मोजे, बूट, मास्क आणि त्याच्या डब्या, रसायन, पिशव्या, गाडी, दोन माणसांची दिवसाची मजुरी. सामान घरच्यांनी आधी आणून द्यायचं, मजुरी त्यावर वेगळी. त्याखाली लिहिलं की पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय आत जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, दारू पिऊन जायचं नाही, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करायचं नाही, काही टोचलं तर बहात्तर तासांच्या आत, खरं तर त्याच दिवशी, सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही उपचारांच्या (एआरटी) केंद्रात जायचं. सगळ्यात खाली रक्कम लिहिली. ती बघून तो म्हणाला, ‘‘इतना तो कोई नहीं देगा.’’

‘‘नहीं देंगे तो मत जाना,’’ मामा म्हणाले. ‘‘दो-चार बार नहीं जाएगा, तब देंगे.’’

कावीळ ब च्या लशीचा पहिला डोस दोघांना त्याच आठवड्यात देऊन झाला होता. दुसरा महिन्यानं आणि तिसरा सहा महिन्यांनी, त्या तारखा मी कागदाच्या मागे लिहिल्या आणि महिना झाल्यावर नागपूरहून फोन केला. थोरल्यानं घेतला होता. धाकटा गावी गेला होता, तो परत आला की घेईल, म्हणाला. दर आठवड्याला विचारत राहिले, आणि दिवाळीनंतर त्यानंही घेतला.